माप

अल्फेदा म्हणाली, हे तर कोंबड्यांचं खाणं.
मुठीत पेलेट घेऊन वास घेतला,
एक दाताखाली धरून पाहिला, थुंकली.
लाकूडच आहे. भुसा.
आणि ह्याला वीज लागते?
लागते, मी म्हणालो. पंखा आहे, दाणे ढकलणारा स्क्रू आहे.
म्हणजे ही आग दुसऱ्याच्या जिवावर जगणार.

ऑक्टोबर होता. नदीपलीकडे, कॅनडात,
बटाट्याची शेतं उपसून झाली होती.
मी ओनेझीम, आडनाव पेलेत्ये, हसू नका,
बावीस वर्षं ह्याच धंद्यात,
गुडघे टेकून स्टोव्हखालची फरशी बसवत होतो,
दारासमोर जरा जास्त पुढे काढलेली,
ठिणगी उडाली तर तिथंच मरावी म्हणून.
भिंतीपासून अंतर पुस्तिकेत दिलेलं, वर माझी चार बोटं.
ती डोक्यावर उभी राहून विचारत होती, मी सांगत होतो:
एक्स्टेंशन नको, सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये.
गार असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लाव, ओढ.
सहज सुटून आली तर कडेची दोरी बदलायला झाली.
ज्योत आळसावली, नारिंगी झाली, काचेला काळं फासू लागली
तर जळणाच्या वाटीची भोकं बुजलीत असं समज;
विझव, निवू दे, खरवड.
पेटत्या स्टोव्हची पिन उपटायची नाही.
बटणानंच विझवायचा, पंखा धूर बाहेर घालवून मग थांबेल.

राखेपाशी मी अडखळलो.
माझ्या भावानं, लेओनीदनं,
राख पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून व्हरांड्यात ठेवली होती.
गार होती. त्यानं हात लावून पाहिलं होतं.
तिसऱ्या रात्री व्हरांडा गेला, मग घर.
माणसं वाचली. कुत्रा नाही.
अल्फेदा काही बोलली नाही. आत जाऊन
झाकणाची पत्र्याची बादली घेऊन आली,
पूर्वी तिच्यात डुकराची चरबी असायची.
ही चालेल?
चालेल. पण बाहेर ठेव, घरापासून लांब, लाकडी पायरीवर नको.

मग शिडी लाकडाच्या खोपटाच्या चौकटीला टेकवली,
शेजारच्या भिंतीला धुराच्या नळीचं भोक पाडलं.
टेप जमिनीला लावून उंची मोजली,
नियमात होती त्याहून वीतभर जास्त.
शिट्टी वाजवत उतरलो.
झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला.
त्याला तिनं नाव ठेवलं रातकिडा.

फेब्रुवारीत, वादळाच्या दुसऱ्या रात्री,
रातकिडा ओरडला.
ती कशालाही हात न लावता बाहेर पडली,
मेलेल्या नवऱ्याचे बूट, गाऊनवर त्याचाच कोट,
शेजारी गोदफ्र्वाच्या घरून फोन केला
आधी अग्निशमनला, मग मला.
पहाटे पोचलो. वाऱ्यानं
अख्ख्या अंगणाचं बर्फ त्या एका भिंतीला आणून लावलं होतं.
माझी नळी दिसेना.
फावड्यानं उकरली तेव्हा सापडली, तोंडात बोळा कोंबलेली.

अल्फेदा खोपटापाशी उभी होती,
चौकटीवरून बोट फिरवत.
तिथं पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकोणतीस,
प्रत्येकीपुढे साल, नवऱ्याच्या बारीक अक्षरात.
त्या त्या हिवाळ्यात बर्फ इथवर.
सगळ्यात वरची माझ्या कानाशी.
माझी शिडी ह्याच रेघांवर टेकली होती.

मी जमिनीपासून मोजलं होतं.
इथं पाच महिने जमीन नसतेच.

विचारलं असतंस तर, ती म्हणाली,
आणि कॉफी ठेवायला गोदफ्र्वाच्या घरात गेली.

नळी सरळ वर, छपराच्याही वर नेली.
बिल लाव, ती म्हणाली. नाही लावलं.
निघताना तिनं माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली,
टाचा उंचावून नवी रेघ मारली,
साल लिहिलं,
आणि त्यापुढे, जरा विचार करून, माझं नाव.
एक अक्षर चुकलंय. अजून तसंच आहे.